एका फोनने खटला थांबू नये म्हणून

अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कायदा राबवणारी सरकारी कार्यालये दोन आहेत: न्याय खात्यातला अँटिट्रस्ट विभाग आणि फेडरल ट्रेड कमिशन (यापुढे नुसता ‘आयोग’). एकाच कामाला दोन कार्यालये कशाला, हा वाद तिथे अधूनमधून पेटतो. सिनेटर माइक ली यांचे ‘वन एजन्सी अ‍ॅक्ट’ हे विधेयक गेली काही वर्षे चर्चेत आहे. आयोगाचे स्पर्धाविषयक काम, त्यावरची माणसे आणि पैसा उचलून न्याय खात्याकडे द्यावा, हा त्याचा गाभा. २०२५ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीने हीच तरतूद अर्थसंकल्पाशी जोडलेल्या विधेयकात घालून पाहिली. ती पुढे वगळली गेली, तरी मागणी जिवंत आहे. या वादात एक बाजू दुहेरी खर्च आणि दुहेरी कागदपत्रांचा हिशेब मांडते, दुसरी बाजू आयोगाच्या ‘स्वायत्तते’चा जप करते. दोघांनाही ज्या प्रश्नाला भिडायचे नाही तो असा: बड्या कंपनीविरुद्धचा खटला थांबवायचा असेल तर किती जणांना फोन करावा लागतो?

माझे मत आधीच सांगतो. दोन संस्था राहायला हव्यात. त्यांच्यातली कामाची वाटणी आज ज्या पद्धतीने होते ती मात्र वाईट आहे आणि ती बदलायला हवी. वाटणी वाईट म्हणून एक संस्थाच मोडीत काढा, हा युक्तिवाद मला मान्य नाही. दोन संस्थांचा फायदा कार्यक्षमतेत शोधणाऱ्यांना तो सापडणार नाही, कारण तो तिथे नाहीच. एक संस्था घाबरली, विकली गेली, थकली किंवा नुसती चुकली तर दुसरी जागी असते, हा तो फायदा आहे.

मुळात ही व्यवस्था कुणाच्या नजरचुकीने झालेली नाही. शर्मन कायदा १८९० चा. व्यापाराला आडकाठी करणारे करार आणि मक्तेदारी हा त्याने गुन्हा ठरवला आणि तो राबवण्याचे काम सरकारी वकिलांकडे गेले. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइलचे तुकडे करण्याचा आदेश कायम केला, पण त्याच निकालात असेही म्हटले की कायदा ‘अवाजवी’ आडकाठीलाच लागू होतो. वाजवी काय, अवाजवी काय, हे आता एकेक न्यायाधीश ठरवणार होता. धंदेवाल्यांना त्यात अनिश्चितता दिसली आणि सुधारणावाद्यांना मक्तेदारांसाठी पळवाट. १९१२ ची अध्यक्षीय निवडणूक बऱ्याच अंशी याच प्रश्नावर लढली गेली. वुड्रो विल्सन निवडून आले आणि १९१४ च्या सप्टेंबरात आयोगाचा कायदा झाला: पाच आयुक्त, सात वर्षांची मुदत, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत, आणि ‘स्पर्धेच्या अनुचित पद्धती’ रोखण्याचा मुद्दाम सैल ठेवलेला अधिकार. पुढच्याच महिन्यात क्लेटन कायदा आला आणि तो राबवण्याचे काम दोघांकडेही दिले गेले. न्याय खात्याकडचा शर्मन कायदा काढून आयोगाला द्यावा, हा मार्ग काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, मोकळा होता. तिने तो घेतला नाही.

आज हे चालते कसे? ठरावीक रकमेपुढचे विलीनीकरण करायचे असेल तर १९७६ च्या हार्ट-स्कॉट-रॉडिनो कायद्यानुसार कंपन्यांना दोन्ही कार्यालयांकडे आधी कागद दाखल करावे लागतात. त्यानंतर साधारणपणे तीस दिवस थांबायचे. फाइल कुणी तपासायची हे दोन्ही कार्यालये आपापसात ठरवतात. या ठरवण्याला तिथे ‘क्लिअरन्स’ म्हणतात, आणि त्याचा आधार एकच: या धंद्याची माहिती आधीपासून कुणाला जास्त आहे? विमान कंपन्या, बँका, टेलिकॉम आणि आरोग्य विमा न्याय खात्याकडे जातात; इस्पितळे, औषधे, किराणा साखळ्या आणि पेट्रोल-डिझेल आयोगाकडे. म्हणून जेटब्लू आणि स्पिरिट या विमान कंपन्यांचे विलीनीकरण न्याय खात्याने अडवले आणि क्रोगर-अल्बर्टसन्स या किराणा दुकानदारांचे आयोगाने. दोन्ही २०२४ मध्ये न्यायालयात रोखली गेली. बँका आणि विमान कंपन्यांच्या बाबतीत आयोगाला कायद्यानेच मर्यादा आहेत. बाकीची वाटणी सवयीने पडलेली आहे.

शिवाय धंद्याच्या वाटणीवर हत्यारांची वाटणी चढवलेली आहे. तुरुंगात पाठवण्याचा, म्हणजे फौजदारी खटल्याचा अधिकार फक्त न्याय खात्याकडे. यातले एक प्रकरण थेट मुंबईपर्यंत येते. ऑगस्ट २०२३ मध्ये मुख्यालय मुंबईत असलेल्या ग्लेनमार्क कंपनीच्या अमेरिकी शाखेने आणि इस्रायली तेवा कंपनीच्या अमेरिकी शाखेने प्रावास्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरच्या गोळीचे भाव संगनमताने ठरवल्याच्या फौजदारी प्रकरणात न्याय खात्याशी समझोता केला. ग्लेनमार्कने अडीच कोटी डॉलर आणि तेवाने साडेबावीस कोटी डॉलर भरायचे, आणि दोघांनीही ते औषध दुसऱ्याला विकून टाकायचे, असे ठरले. औषध हा आयोगाचा प्रांत. पण भाव बांधणे हा गुन्हा, म्हणून फाइल न्याय खात्याची. त्याच दोन कंपन्या उद्या विलीन व्हायला निघाल्या तर कागद आयोगाच्या टेबलावर जातील. बाहेरच्या माणसाला हा गोंधळ वाटतो. पण भाव बांधणाऱ्यांना पकडायला फितूर माणूस, छापा आणि फौजदारी वकील लागतो, तर विलीनीकरण तोलायला अर्थशास्त्रज्ञ आणि दहा वर्षांचे विक्रीचे आकडे लागतात. ही कौशल्ये वेगळी आहेत.

आता विरोधकांचे म्हणणे त्याच्या पूर्ण ताकदीने मांडले पाहिजे, कारण ते कमकुवत नाही. पहिला मुद्दा वेळेचा. तीस दिवसांच्या मुदतीतले पहिले कितीतरी दिवस फाइल कुणाची यावर घासाघीस होण्यात जातात. मार्च २००२ मध्ये न्याय खात्याचे चार्ल्स जेम्स आणि आयोगाचे अध्यक्ष टिमथी म्युरिस यांनी धंद्यांची लेखी यादी करून हा प्रश्न सोडवला होता. त्या यादीत प्रसारमाध्यमे न्याय खात्याकडे गेली होती. सिनेटर हॉलिंग्ज यांना ते पटले नाही, निधी रोखण्याची भाषा झाली आणि मे महिन्यात करार गुंडाळला गेला. तेव्हापासून हे घोंगडे भिजत पडले आहे. २०१९ मध्ये गूगल आणि अ‍ॅपल न्याय खात्याकडे, फेसबुक आणि अ‍ॅमेझॉन आयोगाकडे अशी वाटणी झाल्याच्या बातम्या आल्या, आणि महिना-दोन महिन्यांत न्याय खात्याने सगळ्याच मोठ्या ऑनलाइन कंपन्यांची स्वतंत्र पाहणी जाहीर केली. त्या सप्टेंबरात सिनेटच्या समितीपुढे न्याय खात्याचे मकन डेलराहिम यांना मान्य करावे लागले की अशा कुरबुरींत दोघांचाही वेळ वाया जातो.

दुसरा मुद्दा जास्त बोचरा आहे. सरकारच सरकारविरुद्ध उभे राहते. आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये क्वालकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीवर खटला भरला आणि मे २०१९ मध्ये न्यायाधीश ल्युसी को यांच्यापुढे तो जिंकला. त्यानंतर न्याय खाते वरच्या न्यायालयात गेले ते क्वालकॉमच्या बाजूने. आदेशाला स्थगिती द्या, फाइव्ह-जी आणि राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न आहे, असे सांगत त्याने संरक्षण आणि ऊर्जा खात्याच्या अधिकाऱ्यांची निवेदनेही जोडली. ऑगस्ट २०२० मध्ये निकाल फिरला. एकाच करदात्याच्या पैशातून दोन वकील एकमेकांविरुद्ध युक्तिवाद करतात, हे कुठल्या शहाण्या माणसाला पटेल?

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत जड वाटतो, आणि एक संस्था मागणाऱ्यांकडूनच तो क्वचित मांडला जातो. अमेरिकेत डॉक्टरने लिहिलेली गोळी आणि विमा कंपनी यांच्यामध्ये एक मध्यस्थ बसतो. विमा कंपनीच्या वतीने औषधांची यादी करायची, औषध कंपनीकडून सूट मिळवायची, दुकानदाराला पैसे चुकते करायचे, हे त्याचे काम. २०१२ मध्ये एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि मेडको या अशा दोन बड्या मध्यस्थांचे विलीनीकरण आयोगाने तपासून जाऊ दिले. २०१८ मध्ये सिग्ना ही विमा कंपनी एक्सप्रेस स्क्रिप्ट्स विकत घेऊ लागली, आणि स्वतःचा मध्यस्थ धंदा असलेली सीव्हीएस ही औषध दुकानांची साखळी एटना ही विमा कंपनी घेऊ लागली. विमा आला म्हणून दोन्ही फाइली न्याय खात्याकडे गेल्या आणि मंजूर झाल्या. सीव्हीएसला तेवढा ज्येष्ठांच्या औषधविम्याचा एक धंदा विकावा लागला. मध्यस्थांची सगळ्यांत जास्त माहिती आयोगाकडे आणि निर्णय न्याय खात्याचा. २०२४ मध्ये त्याच आयोगाला मध्यस्थांच्या ताकदीवर चिंतेचा अहवाल काढावा लागला आणि इन्सुलिनच्या किमतींवरून तीन बड्या मध्यस्थांवर कारवाई सुरू करावी लागली. धंदे एकमेकांत मिसळतात तेव्हा धंद्यानुसार केलेली वाटणी फाटते, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

हे सगळे खरे आहे. तरीही दोन संस्था हव्यात, असे मी का म्हणतो?

मायक्रोसॉफ्टपासून सुरुवात करू. १९९० मध्ये तिची चौकशी सुरू केली ती आयोगाने. पाचांपैकी एक आयुक्त हितसंबंधाच्या कारणाने बाजूला झाल्यामुळे मते चारच उरली. फेब्रुवारी १९९३ मध्ये मतदान झाले, दोन विरुद्ध दोन. जुलैमध्ये पुन्हा झाले, पुन्हा दोन विरुद्ध दोन. संस्था एकच असती तर मायक्रोसॉफ्टची फाइल त्या दिवशी बंद झाली असती. ऑगस्टमध्ये न्याय खात्याच्या अ‍ॅन बिंगमन यांनी ती आपल्याकडे घेतली. पुढच्या वर्षी पहिला समझोता झाला, १९९८ मध्ये मोठा खटला उभा राहिला, आणि २००१ मध्ये अपील न्यायालयाने मायक्रोसॉफ्टने आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली, हा निष्कर्ष एकमताने कायम केला. ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाजारात नव्या कंपन्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली ती या खटल्याच्या दडपणामुळे, असे मानणाऱ्यांत मी आहे. आणि २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगल ही सर्चमधली बेकायदा मक्तेदार आहे असा निकाल दिला, तो उभा आहे त्याच २००१ च्या निकालाच्या पायावर.

गूगलची गोष्टही तशीच आहे, फक्त तिचा शेवट आपल्या समाधानाचा नाही. आयोगाने २०११ पासून गूगलच्या सर्चची चौकशी केली. आयोगाच्याच कर्मचाऱ्यांच्या एका टिपणात काही मुद्द्यांवर खटला भरावा अशी शिफारस होती. जानेवारी २०१३ मध्ये आयुक्तांनी सर्चबद्दलची चौकशी खटल्याविना बंद केली. दुसऱ्या कार्यालयाने खटला भरला तो ऑक्टोबर २०२० मध्ये. विरोधक म्हणतील, मधल्या जवळपास आठ वर्षांत तुमचे दुसरे कार्यालय काय करत होते? प्रश्न बिनतोड आहे. दोन संस्था असल्या की वेळेवर न्याय होतोच, असा माझा दावा नाही. माझा दावा लहान आहे. आयोगाने ‘नाही’ म्हटल्यावरही त्या ‘नाही’ने बांधलेले नसलेले एक कार्यालय शिल्लक होते. त्याला आपल्याच जुन्या सहीविरुद्ध जायचे नव्हते, आपल्याच वरिष्ठांचे चुकले असे लिहायचे नव्हते. सरकारी कार्यालयात ज्याने दोन दिवस घालवले आहेत त्याला ही गोष्ट किती मोठी आहे ते सांगावे लागत नाही.

क्वालकॉमच्या भांडणाचे उत्तरही असेच एका जुन्या भांडणात आहे. पेटंट असलेल्या औषधाची कंपनी स्वस्त जेनेरिक बनवणाऱ्या कंपनीला पैसे देते आणि बाजारात उशिरा यायला सांगते. आयोगाने याविरुद्ध शेरिंग-प्लाऊ कंपनीला गाठले, अपिलात हरला आणि सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावायला निघाला. २००६ मध्ये सरकारच्या सॉलिसिटर जनरलनी, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणाऱ्या न्याय खात्यातल्या वकिलांनी, न्यायालयाला लेखी कळवले की हे प्रकरण ऐकू नका. न्यायालयाने ऐकले नाही. आयोग न्याय खात्याचाच एक विभाग असता तर वरिष्ठांचा शेरा आल्यावर विषय तिथेच संपला असता. आयोगाने तो धरून ठेवला, दुसऱ्या कंपन्यांवर नवे खटले भरले, दरम्यान न्याय खात्याचे मत बदलले, आणि जून २०१३ मध्ये अ‍ॅक्टाव्हिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी आयोगाचे म्हणणे उचलून धरले: असे करार मक्तेदारीविरोधी कायद्याच्या तपासणीतून सुटू शकत नाहीत. दोन सरकारी वकील एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले बरे दिसत नाही, हे कबूल. पण ज्या सरकारात सगळे वकील नेहमीच एका सुरात बोलतात तिथे चुकीचा सूर दुरुस्त कोण करणार?

एकाच हातात सगळे असले म्हणजे काय होते, याचा सगळ्यांत नागडा दाखला १९७१ चा आहे. न्याय खात्याच्या अँटिट्रस्ट विभागाने आयटीटी या बलाढ्य कंपनीच्या विलीनीकरणांविरुद्ध खटले लावले होते. एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात अपील करायचे होते. १९ एप्रिल १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी न्याय खात्यातले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी, उप-अ‍ॅटर्नी जनरल क्लाइनडीन्स्ट यांना फोन केला आणि हे अपील करायचे नाही, असा हुकूम दिला. संभाषण व्हाइट हाऊसच्या टेपवर आहे. खात्यातून विरोध झाल्यावर निक्सन दोन दिवसांत मागे हटले, पण जुलैमध्ये खटले समझोत्याने मिटले आणि हार्टफर्ड ही अवाढव्य विमा कंपनी आयटीटीकडेच राहिली. त्याच वर्षी आयटीटीने रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनासाठी पैसे देऊ केल्याचे नंतर बाहेर आले. सिनेटपुढे पूर्ण खरे न सांगितल्याबद्दल क्लाइनडीन्स्ट यांनी १९७४ मध्ये गुन्हा कबूल केला. फोन एकालाच करावा लागला, हे लक्षात घ्या. पाच आयुक्त असलेल्या, दोन पक्षांत वाटलेल्या मंडळाला असा फोन करता येत नाही असे नाही. पण पाचांतला एक जण तो नक्की फोडेल, ही भीती राहते.

फोन न येताही एकाच हाताची ताकद किती असते ते ८ जानेवारी १९८२ या दिवशी दिसले. अँटिट्रस्ट विभागाचे प्रमुख विल्यम बॅक्स्टर यांनी त्या एका दिवसात दोन निर्णय जाहीर केले: एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचे तुकडे करणारा समझोता, आणि १९६९ पासून चाललेला आयबीएमविरुद्धचा खटला मागे. एटी अँड टीबद्दलचा निर्णय मला शतकातल्या उत्तम निर्णयांपैकी वाटतो. आयबीएमबद्दल अभ्यासकांत आजही दुमत आहे. बॅक्स्टर प्रामाणिक होते आणि विद्वानही होते. पण प्रत्येक वेळी त्या खुर्चीत असा माणूस बसेल, या भरवशावर देशाची बाजारव्यवस्था उभी करायची का?

‘जगाने एक संस्थेचा मार्ग धरला आहे’ हा युक्तिवादही ऐकू येतो. ब्रिटनने २०१४ मध्ये आपल्या दोन संस्था एकत्र करून एक प्राधिकरण उभारले, हे खरे. पण ब्रिटनमधल्या त्या दोन संस्था एकामागून एक काम करत: पहिलीने चाळायचे, दुसरीने खोलात तपासायचे. त्या कधी समांतर नव्हत्याच. आणि नवे प्राधिकरण कुठल्या मंत्र्याच्या खात्यात नेऊन ठेवले गेले नाही. अमेरिकेतला प्रस्ताव उलट्या दिशेचा आहे. तो मंडळ मोडून काम थेट राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतल्या खात्यात नेतो. त्यातही, जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने आर्थिक वाढीचे कारण पुढे करत त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष बदलले आणि हंगामी म्हणून अ‍ॅमेझॉनच्या ब्रिटनमधल्या शाखेचे माजी प्रमुख आणले. खुर्ची एकच होती, म्हणून एवढे पुरले.

अनुभव साठण्याचा मुद्दाही किरकोळ समजू नये. १९९० च्या दशकात इस्पितळांच्या विलीनीकरणांविरुद्धचे खटले सरकार एकामागून एक हरत गेले. न्यायाधीश म्हणत, रुग्ण लांबच्या इस्पितळातही जातील. आयोगाने २००२ च्या सुमारास आधीच झालेल्या विलीनीकरणांनंतर किमतींचे काय झाले ते मागे वळून मोजायला घेतले. शिकागोजवळच्या इव्हान्स्टन इस्पितळाच्या प्रकरणात किमती वाढल्याचे त्याने २००७ मध्ये सिद्ध केले. पुढच्या दशकात अपील न्यायालयांनी बाजाराची जुनी व्याख्या टाकून दिली आणि आयोग जिंकू लागला. हरलेल्या विषयावर पाच-सात वर्षे शांतपणे अभ्यास करत बसायला वेगळ्या स्वभावाची संस्था लागते. खटले जिंकण्यावर ज्याचे मोजमाप होते ते वकिलांचे खाते हरणारा विषय सोडून देते.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. आयोगाची स्वायत्तताच उरली नाही तर दोन संस्था कशाला? १९३५ मध्ये हम्फ्री प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की राष्ट्राध्यक्ष आयुक्तांना केवळ मतभेदावरून काढू शकत नाहीत. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी रिबेका स्लॉटर आणि अल्वारो बेडोया या दोन डेमोक्रॅट आयुक्तांना काढले. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने स्लॉटर यांना तूर्त पदाबाहेर ठेवले आणि डिसेंबरात हम्फ्रीचा निकाल टिकावा की नाही यावर युक्तिवाद ऐकले. आयुक्त राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर राहणार असतील तर माझ्या युक्तिवादाची धार कमी होते, हे मी लपवत नाही. पण ती संपत नाही. काढता येणाऱ्या आयुक्तालाही मत द्यावे लागते, ते नोंदले जाते, आणि विरोधी मत छापले जाते. २००८ मध्ये न्याय खात्याने मक्तेदारीविरुद्धच्या कलमावर कंपन्यांना झुकते माप देणारा अहवाल काढला तेव्हा आयोगातल्या तिघांनी त्यावर जाहीर टीका केली; आठ महिन्यांत नव्या प्रशासनाने तो मागे घेतला. खात्याच्या आत असे काही घडायला अधिकाऱ्याला नोकरी पणाला लावावी लागते. जून २०२५ मध्ये न्याय खात्याने ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइज आणि ज्युनिपर यांच्या चौदा अब्ज डॉलरच्या विलीनीकरणाविरुद्धचा खटला सुनावणीच्या तोंडावर मिटवला. महिन्याभरात विभागातले दोन वरिष्ठ अधिकारी काढले गेले. त्यातल्या एकाने, रॉजर अल्फर्ड यांनी, ऑगस्टमध्ये जाहीर भाषणात सांगितले की राजकीय वजन असलेल्या मध्यस्थांनी हा समझोता घडवला. आरोप सिद्ध झालेला नाही. पण तो लोकांपर्यंत पोहोचायला आधी एका माणसाची नोकरी जावी लागली.

आपल्याकडे याचे काय? भारतातही स्पर्धा आयोग एकटा नाही. जिओ बाजारात आल्यावर जुन्या टेलिकॉम कंपन्या जोडणी देत नाहीत, अशी तक्रार स्पर्धा आयोगाकडे गेली, आणि एप्रिल २०१७ मध्ये त्याने तपासाचा आदेश दिला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की तांत्रिक प्रश्न आधी टेलिकॉम नियामक ट्राय पाहील, स्पर्धा आयोग नंतर. क्रम ठरला हे चांगलेच झाले. पण तो ठरला तोवर बाजाराचे चित्र पार पालटले होते. ज्या कंपन्यांविरुद्ध तक्रार होती त्यातल्या दोन, व्होडाफोन आणि आयडिया, एकत्र झाल्या होत्या. वाटणी आधी लिहून ठेवली नाही की ती न्यायालयात लिहावी लागते, आणि न्यायालयाचे घड्याळ बाजाराच्या घड्याळापेक्षा फार हळू चालते. अमेरिकी वादातून आपण उचलावे ते हेच.

म्हणून वाटणी दुरुस्त करण्याची मागणी मी तितक्याच जोराने करतो. जेम्स-म्युरिस यादीसारखी यादी पुन्हा व्हावी, पण दोन अधिकाऱ्यांच्या करारातून नको, काँग्रेसच्या कायद्यातून व्हावी. दर काही वर्षांनी ती तपासली जावी, आणि विमा-मध्यस्थ-दुकान अशा मिसळलेल्या धंद्यांसाठी दोघांचे संयुक्त पथक असावे. फाइल कुणाकडे हे दहा दिवसांत ठरले नाही तर ठरवण्याचा अधिकार आपोआप आधी चौकशी केलेल्या कार्यालयाकडे जावा. विलीनीकरण थांबवण्यासाठी न्यायालयात लागणारी कसोटी दोघांना एकच असावी. कंपनीचे नशीब ती कुठल्या टेबलावर पडली यावर ठरू नये, हे विरोधकांचे म्हणणे रास्त आहे. आणि एका कार्यालयाने दुसऱ्याच्या चालू खटल्यात विरोधी बाजूने उतरायचे असेल तर आपल्या प्रमुखाच्या सहीने, कारणे जाहीर करून उतरावे.

यावर शेवटचा आक्षेप असा येईल की कागदी नियमांनी दबाव थांबत नाही. निक्सन यांच्या त्या फोननंतर काँग्रेसने डिसेंबर १९७४ मध्ये टनी कायदा केला: न्याय खात्याने मक्तेदारीच्या दिवाणी खटल्यात समझोता केला तर तो जाहीर करायचा, लोकांची मते मागवायची, आणि तो जनहिताचा आहे अशी न्यायाधीशाची खात्री झाल्यावरच लागू करायचा. बहुतेक वर्षे न्यायाधीशांनी त्यावर डोळे झाकून शिक्के मारले, आणि टीकाकार त्याला निरुपयोगी म्हणत राहिले. पण ह्युलेट पॅकार्डचा समझोता कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांपुढे गेला तो याच कायद्याने, आणि तो कुणी, कसा घडवला हे तपासण्यासाठी अनेक राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलनी तिथे हस्तक्षेपाची परवानगी मागितली तीही त्याच आधारावर. टनी कायदा खात्यातल्या समझोत्यांवर प्रकाश टाकतो. खटलाच न भरण्याच्या निर्णयावर तो टाकत नाही. ती उणीव आजवर दुसऱ्या कार्यालयाने भरून काढली आहे. ‘वन एजन्सी अ‍ॅक्ट’च्या समर्थकांनी ते कार्यालय काढून घेण्याआधी त्या जागी काय ठेवणार, हे सांगायला हवे, आणि मी वाचलेल्या त्यांच्या मांडणीत याचे उत्तर मला सापडलेले नाही.